जोड कांदा म्हणजे सांबार कांदा नव्हे

दिवाळीच्या सुमारास दर वर्षी कोणीतरी विचारतंच: "घरात जोड कांदे बरेच निघालेत, तेच लावले तर एकाचे पाच होतील ना?" जोड कांदा म्हणजे एकाच सालीत दोन-तीन कांदे चिकटलेला आपला नेहमीचा कांदा. त्याचे पाच होणार नाहीत. एकाचे पाच होतात ते सांबार कांद्याचे, आणि तो कांदाच वेगळा.

आपल्या कांद्याबद्दल फलटण-लोणंदच्या माणसाला काय सांगायचं! गादीवाफ्यावर बी टाकायचं, सहा-सात आठवड्यांनी रोप लावायचं. बी मात्र ताजं हवं. वर्षापेक्षा जुनं झालं की उगवण ढासळते.

सांबार कांद्याला, म्हणजेच मल्टिप्लायरला, बहुधा बी नसतं, बेणं असतं. हळदीसारखं, लसणासारखं. तमिळनाडूत हाच कांदा घरोघरी खातात. एक गाठ पुरली की अडीच महिन्यांत घोस निघतो. एकरी साधारण 600 किलो बेणं लागतं, म्हणून बेण्याचा खर्चच मोठा. शॅलॉट म्हणावं की मल्टिप्लायर, या वादात शेतकऱ्यानं पडू नये. लावायला दोन्ही सारखेच.

खरा घोळ 'जोड' या शब्दानं केलाय. आमच्या शेजाऱ्यांनी एका विक्रेत्याकडून 'मल्टिप्लायरचं बेणं' म्हणून मोठाले जोड कांदे आणले आणि कार्तिकात दोन गुंठ्यांत लावले. थंडी पडली, आणि प्रत्येक कांद्यातून दोन-दोन, तीन-तीन डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर आले. पोकळ, मध्येच फुगलेले, टोकाला पांढरा गेंद. मी एक उपटून पाहिला. खाली मूळचा कांदा चोथा झालेला, नवा एकही नाही.

असं का होतं? आपला कांदा दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात पोसतो, दुसऱ्यात थंडी लागली की त्याच्या कोंबाचं फूल होतं. जोड कांद्यात कोंब दोन-तीन असतात, एवढंच. जात, विरळ लावण, पाण्याची ओढाताण अशा कारणांनी एका कोंबाचे दोन-तीन झालेले असतात, म्हणून तर बाजारात जोड बाजूला काढून कमी भावानं घेतात. कोंब जास्त म्हणजे डेंगळे जास्त, कांदे नव्हेत. सांबार कांद्यात मात्र प्रत्येक कोंब पुन्हा स्वतःचा कांदा पोसतो, फुलावर सहसा जात नाही.

म्हणून कांदा चिरून "दोन काळजं दिसली" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन काळजं, म्हणजे मधले दोन कोंब, दोन्हींत दिसतात. विचारायचं एकच: मागचं पीक बेण्यापासून घेतलं होतं का, आणि घोस निघाला होता का? शक्य असेल तर उभं पीक बघून घ्या. बेणं मध्यम, टणक आणि बिनरोगट प्लॉटमधलं हवं, कारण विषाणू बेण्यातूनही पुढे जातो. नुकतंच काढलेलं लावू नका. गाठ सुप्तावस्थेत असते, मागेपुढे उगवते.

सांबार कांदा बियाण्यापासून घ्यायचाच असेल तर कोईम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाची को-5 ही जात फुलते आणि बी धरते. बियांचा खर्च बेण्यापेक्षा कितीतरी कमी, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवीन. पण ते बी घरी धरायला जाऊ नका. दोन्ही कांदे एकाच प्रजातीचे, आणि मधमाशी बांध बघत नाही. शेजारी आपल्या कांद्याचे डेंगळे फुललेले असतील, तर पुढच्या साली वाफ्यात काय उगवेल याचा भरवसा नाही.