लॅपटॉपच्या पडद्यावरील दोष व त्यांचे निदान

लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र न उमटणे, ते लुकलुकणे, उभ्या-आडव्या रेषा किंवा डाग दिसणे अशा बिघाडांचे मूळ पॅनेलमध्येच (चित्र दाखवणाऱ्या पडद्याच्या भागातच) असते असे नाही. ग्राफिक्स चिप, तिचा ड्रायव्हर (ती चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा मदरबोर्डपासून (मुख्य सर्किट बोर्डापासून) बिजागरीमधून पॅनेलपर्यंत जाणारी डिस्प्ले केबल, यांपैकी कशातही दोष असू शकतो. पॅनेल हा महागडा भाग असल्याने तो बदलण्यापूर्वी दोषाची जागा निश्चित करणे अत्यावश्यक ठरते. बहुतेक वेळा त्यासाठी लॅपटॉप उघडावाही लागत नाही.

एचडीएमआयद्वारे बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावरही तोच दोष दिसला, तर पॅनेल व केबल यांवरचा संशय बहुतांशी दूर होतो. मॉनिटरवरील चित्र स्वच्छ असेल, तर बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीचा) पडदा उघडून पाहावा. तेथे विंडोजचा ड्रायव्हर चालू नसल्याने त्या पडद्यावरही रेषा दिसल्यास बिघाड हार्डवेअरचा मानावा. झाकण सावकाश मागेपुढे करताना ठरावीक कोनात चित्र जात-येत असेल, तर केबल झिजलेली अथवा सैल झालेली असण्याची शक्यता मोठी असते. पडदा काळा असूनही टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात पुसटसे चित्र दिसते, तेव्हा एलसीडी काम करत असतो आणि बॅकलाइट (पडद्यामागून प्रकाश देणारा दिवा) बंद पडलेला असतो. स्वतःच प्रकाशणाऱ्या ओएलईडी पडद्याला बॅकलाइट नसतो, त्यामुळे ही चाचणी त्याला लागू पडत नाही.

१९२० × १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात व प्रत्येकात सामान्यतः लाल, हिरवा व निळा असे तीन उपपिक्सेल असतात. कायम काळा राहणारा पिक्सेल मृत, तर एकाच रंगात अडकलेला पिक्सेल अडकलेला समजला जातो. अडकलेल्या पिक्सेलवर बोटाने दाब देण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो टाळावा, कारण दाबामुळे शेजारच्या भागावर कायमचा डाग पडू शकतो.

पॅनेल बदलताना केवळ इंचांतील आकार जुळणे पुरेसे नाही. ३० पिनांचा व ४० पिनांचा कनेक्टर परस्परांऐवजी चालत नाहीत; रिझोल्यूशन व पॅनेल बसवण्याच्या जागाही जुळाव्या लागतात. केबलला हात लावण्यापूर्वी चार्जर काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, अन्यथा बॅकलाइटच्या वीजवाहिनीत शॉर्ट होऊन मदरबोर्डवरील फ्यूज उडू शकतो.