एसएसएच टारपिट

एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे दूरस्थ लॉगिन करण्याची पद्धत. एसएसएच टारपिट (शब्दशः डांबराचा खड्डा) हा तिच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर, बसवलेला खोटा सर्व्हर. तो कोणाला आत घेत नाही आणि नकारही देत नाही. पासवर्ड चाचपत फिरणाऱ्या बॉटला (स्वयंचलित प्रोग्रामला) नुसता ताटकळत ठेवतो. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्या, आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर काम करणारे संशोधक, मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेच्या पुण्यातील ‘सेंट्रल इंडिया’ विभागात सर्व्हर भाड्याने घेणारी छोटी ऑफिसे या सर्वांचे काम एसएसएचवर चालते.

कल्पना जुनी आहे. २००१ मध्ये कोड रेड हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम (वर्म) फैलावला तेव्हा टॉम लिस्टन यांनी त्याला अडकवून ठेवणारा ‘लाब्रिया’ हा टारपिट लिहिला. एसएसएचसाठी सर्वाधिक परिचित ‘एंडलेस’ हा ख्रिस वेलन्स यांचा २०१९ मधील छोटा सी प्रोग्राम आहे. एसएसएचचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४२५३ या दस्तऐवजानुसार सर्व्हरला आपली आवृत्ती सांगण्यापूर्वी इतर ओळी पाठवता येतात. त्या ‘एसएसएच-’ने सुरू होऊ नयेत, एवढीच अट. त्या किती असाव्यात याला मर्यादा नाही. एंडलेस दर १० सेकंदांनी निरर्थक अक्षरांची एक ओळ पाठवत राहतो. कूटलेखन सुरूच होत नसल्याने खर्च नगण्य: एका जोडणीमागे दिवसाला ८,६४० ओळी, प्रत्येकी जास्तीत जास्त ३२ बाइट. ओपनएसएसएच या प्रचलित एसएसएच सॉफ्टवेअरचा नवा क्लायंट (जोडणी करणारा प्रोग्राम) अशा १,०२४ ओळींनंतर नाद सोडतो, म्हणजे सुमारे २ तास ५० मिनिटांनी. काही बॉट मात्र काही सेकंदांतच निघून जातात.

बसवताना खरी एसएसएच सेवा आधी तिच्या नेहमीच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर हलवावी. नवे पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि क्लाउडच्या नियमांतही उघडावे लागते. क्लाउडची ही दुसरी पायरी हमखास विसरली जाते. एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा-यंत्रणा असल्यास तिथेही नोंद हवी. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहावे, मगच २२ वर टारपिट लावावा. एंडलेस मुळात २२२२ वर ऐकतो. २२ साठी त्याला रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवू नये; सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकातून फक्त १,०२४ खालील पोर्ट वापरण्याची परवानगी द्यावी.

ओळींमधले अंतर वाढवण्याचा मोह टाळावा: अझूरवर शांत टीसीपी जोडणी साधारणतः ४ मिनिटांत तुटते आणि बॉट आपोआप सुटतो. वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांवर बंदी घालणारा फेल२बॅन याच पोर्टवर लावणे तर उलटेच, कारण बंदी घातली की बॉट पुढच्या सर्व्हरकडे मोकळा. एंडलेस ४,०९६ जोडण्या धरू शकतो, पण एका प्रोग्रामने एकाच वेळी उघडायच्या फाइलींची लिनक्सची मर्यादा अनेकदा १,०२४ असते, आणि जोडणीही फाइलच मोजली जाते. ऑफिसच्या साध्या राउटरमागे राउटरची नॅट-यादी (चालू जोडण्यांची नोंद) भरून सगळ्यांचेच इंटरनेट अडते, तेव्हा तिथे मर्यादा शंभर-दोनशेवर आणावी. सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे जुन्या पोर्टवर जाणारी बॅकअप स्क्रिप्ट: ती त्रुटी न दाखवता अडकून पडते. अशा प्रत्येक स्क्रिप्टमध्ये जोडणीची कालमर्यादा घालावी.

बॉट एकाच वेळी शेकडो जोडण्या उघडत असल्याने टारपिट त्यांचा थोडाच वेळ खातो. खऱ्या सर्व्हरवर पासवर्ड-लॉगिन बंद ठेवून फक्त ‘की’ (कूटलेखनाची चावी) वापरणे त्याच्यामुळे टळत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. टारपिटचे लॉगही त्यांच्यासोबतच ठेवावेत.