जॅकेट परत फुगतं, शिसं फुगत नाही

रायफलची गोळी एका पोलादी रिंगमधून, म्हणजे डायमधून, हँडप्रेसने ढकलायची आणि पलीकडून ती बारीक होऊन बाहेर येते, असे छोटे छोटे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. त्याखाली हमखास कुणीतरी लिहिलेलं असतं की शिसं मऊच असतं, दाबलं की झालं काम. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात धातुशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दडलेली आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी हे करतात कशाला ते बघू. अमेरिकेत स्वतःची काडतुसं घरी भरायचा छंद मोठा आहे, पुंगळी, दारू, गोळी सगळं वेगवेगळं आणायचं आणि जुळवायचं. (आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन लागतं, त्यामुळे हा आपल्या घरचा उद्योग नाही.) आता अडचण अशी की जुन्या जर्मन ८ मिमी रायफलींना .३१८ इंचाची गोळी लागायची, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन सैन्याने ती .३२३ इंच केली, आणि आज दुकानात मिळते ती बहुतेक .३२३ चीच. जाड गोळी बारीक नळीत घातली तर दाब धोकादायक वाढतो. मग लोक म्हणतात, गोळीच ०.००५ इंच, म्हणजे ०.१२७ मिमी, बारीक करू. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३ ची गोळीसुद्धा प्रत्यक्षात साधारण .३११ इंचाची असते, आणि तिला .३०८ वर आणायचे प्रयोगही तिकडे चालतात.

पण या गोळ्या नुसत्या शिशाच्या नाहीत. १८८० च्या दशकात धूररहित दारू आली, वेग एकदम वाढला, आणि उघडं शिसं नळीतल्या चरांना (गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचांना) घासून खरडलं जायला लागलं, चरांची पकडच सुटायची. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने तांब्याचं कवच असलेली गोळी केली. आज हे जॅकेट बऱ्याचदा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूचं असतं, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि आत शिशाचा गाभा. म्हणजे आपण एक नाही, दोन धातू एकदम दाबतोय.

आता मुख्य मुद्दा. कुठलाही धातू दाबला आणि सोडला की तो थोडासा परत येतो, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. किती परत येईल ते शाळेतल्या स्थितिस्थापकतेवरूनच निघतं, धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण भागिले यंगचा गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप. ठोकून, ओढून कडक झालेल्या तांब्याचा हा ताण साधारण ३०० मेगापास्कल आणि गुणांक १२० गिगापास्कल, भागाकार ०.२५ टक्के. शुद्ध शिशाचा ताण जेमतेम ८ मेगापास्कल धरा आणि गुणांक १६ गिगापास्कल, तर भागाकार ०.०५ टक्के. म्हणजे ७.८२ मिमीच्या (.३०८ इंच) गोळीवर तांबं जवळपास ०.०२ मिमी परत फुगायला बघतं आणि शिसं फक्त ०.००४ मिमी. हा ढोबळ हिशोब आहे, गोळीत तीन दिशांनी ताण असतो त्यामुळे खरा आकडा कमीजास्त होणार, पण दिशा बदलत नाही. डायमधून बाहेर पडताक्षणी जॅकेट बाहेरच्या बाजूला सरकतं, शिसं आहे तिथेच राहतं, आणि मध्ये सूक्ष्म फट पडते. मायक्रोमीटरवर तुम्हाला फक्त इतकंच दिसेल की गोळी डायच्या भोकापेक्षा किंचित जाड निघाली. फट आत आहे, ती कुणाला दिसत नाही.

या फटीने बिघडतं काय? नळीतले चर १० इंचात एक वेढा देणारे असतील आणि गोळी सेकंदाला ८०० मीटरने निघाली, तर ती सेकंदाला सुमारे ३१५० वेळा गरगर फिरते. चर पकडतात फक्त जॅकेटला. गाभ्याला फिरवायचं काम जॅकेटने करायचं असतं, आणि पकड ढिली असेल तर गाभा थोडा मागे राहतो किंवा एका बाजूला सरकतो, वजनाचा मध्य अक्षावर राहत नाही, मग नेम विखुरतो. व्हिडिओत हे कधीच दाखवत नाहीत, कारण तीस सेकंदांत चकचकीत गोळी दाखवता येते, शंभर मीटरवरचं टार्गेट दाखवायला कष्ट लागतात.

बाकी गोळीचं शिसं कुठे नाहीसं होत नाही हां, घनफळ तेवढंच राहतं. .३११ ची .३०८ केली की छेदाचं क्षेत्रफळ २ टक्क्यांनी घटतं आणि गोळी साधारण तेवढीच लांब होते.

अजून एक, दाबलेल्या धातूत ताण साठून राहतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात ते यासाठीच, ठोकून तांबं कडक होतं, तापवलं की परत मऊ पडतं. हा साठलेला ताण काय करू शकतो ते ब्रिटिश सैन्याला हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे, आणि बाहेर काढली की पितळी पुंगळ्यांना चिरा. खापर फुटलं पावसाळी हवेवर. शेवटी १९२१ मध्ये मूर आणि बेकिन्सेल यांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी ओढताना पितळेत राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की चीर पडते. म्हणून ‘हवाच वाईट’ असलं कुणी म्हणालं की तिथे थांबू नये.

मग गोळी बनवणारे काय करतात? बरोबर उलटं. जॅकेट मुद्दाम थोडं बारीक घेतात, त्यात शिसं टाकतात आणि डायमध्ये दाबून आतून फुगवतात. दाब काढला की दोन्ही धातू आतल्या बाजूला परत येतात, तांबं जास्त येतं आणि शिशाला घट्ट आवळून बसतं. तोच स्प्रिंगबॅक, पण आता आपल्या बाजूने! रिकामं जॅकेट मात्र खुशाल बारीक करा, आत ढिलं पडायला काही नसतंच. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये, युद्धामुळे गोळ्या मिळत नव्हत्या तेव्हा, हेच केलं. .२२ च्या उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्यांची काठ सपाट करून जॅकेटं बनवायची, शिसं मागाहून भरायचं आणि मग फुगवायचं. त्यासाठी केलेल्या डायवरूनच आरसीबीएस ही काडतुसं भरायची साधनं बनवणारी कंपनी उभी राहिली, आणि ज्याच्याकडे जुनी .३१८ ची रायफल आहे त्यानेही तयार गोळी पिळण्यापेक्षा जॅकेट आणि शिसं वेगळं घेऊन याच रस्त्याने जावं.