सीएचरूट आणि पिव्हट_रूट: एक चालतं तिथे दुसरं का अडतं?

लिनक्समधल्या या दोन्ही कमांडचं वरवर काम एकच: '/' म्हणजे कुठली डिरेक्टरी, ते बदलायचं. म्हणून सीएचरूट ज्या डिरेक्टरीवर बिनबोभाट चाललं, तिथेच पिव्हट_रूट 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून अडलं की माणूस कमांडचं स्पेलिंग तपासत बसतो. चूक तिथे क्वचितच असते.

सीएचरूट १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ इतकं जुनं. ते प्रोसेसला झापडं लावतं, एवढंच. माउंट, म्हणजे डिरेक्टरींवर जोडलेल्या फाइलसिस्टम, जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे त्याला कुठलीही डिरेक्टरी चालते. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं आणि बॅश ही शेल तर समोर दिसतेय, अशा वेळी बहुधा बॅशला लागणारा डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडणारा) नव्या रूटमध्ये नसतो.

पिव्हट_रूट मात्र बिऱ्हाडच हलवतं. नवी फाइलसिस्टम '/' वर येते, जुनी तुम्ही दाखवाल त्या डिरेक्टरीवर जाते आणि मग ती अनमाउंट करता येते. कंटेनर, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेस, सुरू करणारी रनसी हेच वापरते: जुनं रूट उरलंच नाही, तर झापडं झुगारून जायचं कुठे?

पण हलवायचं तर ते माउंट हवं. नवं रूट साधी डिरेक्टरी असेल, तर तिचं तिच्यावरच बाइंड माउंट करा, म्हणजे असलेलीच डिरेक्टरी माउंट म्हणून जोडा. जुन्या रूटसाठी दाखवलेली जागाही नव्या रूटच्या आतच हवी.

तरीही तोच एरर आला, तर मला पहिला संशय प्रोपगेशनचा, म्हणजे माउंटचे बदल पसरण्याचा, येतो. मशीन बूट होताना सेवा सुरू करणारं सिस्टमडी '/' शेअर्ड करून ठेवतं, म्हणजे एका नेमस्पेसमधला (माउंटच्या स्वतंत्र यादीतला) माउंटचा बदल दुसऱ्यांतही पसरतो. नव्या रूटचं पालक माउंट (ज्यावर ते जोडलंय ते) शेअर्ड असेल, तर कर्नल पिव्हट_रूट सरळ नाकारतो. फाइंडमाउंट या कमांडला प्रोपगेशनचा कॉलम मागितला की हे लगेच दिसतं. आधी 'अनशेअर -एम' करून नवी माउंट नेमस्पेस उघडा; त्याच्या सध्याच्या आवृत्त्या नव्या नेमस्पेसमधले माउंट आपोआप प्रायव्हेट करतात. बाइंड माउंट आणि पिव्हट_रूट दोन्ही त्याच शेलमध्ये करा.

इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या मेमरीतल्या तात्पुरत्या रूटमध्ये, असाल, तर हे सगळं करूनही उपयोग नाही. तिथलं '/' म्हणजे रूटएफएस, कर्नलचं अगदी पहिलं माउंट, आणि ते हलवता येत नाही. तिथे स्विच_रूट वापरायचं: ते रूटएफएसमधल्या फाइली पुसून मेमरी मोकळी करतं, नवं माउंट '/' वर सरकवतं आणि शेवटी त्यात चक्क सीएचरूटच करतं.