विक्रीतील पाठपुराव्याचा ईमेल (मराठवाडा)

इन्क्वायरी आली, भेट झाली, कोटेशन गेले आणि मग संभाव्य ग्राहकाकडून काहीच हालचाल नाही, अशा टप्प्यावर विक्रेत्याने पाठवलेला ईमेल. रोजच्या बोलण्यात ‘फॉलोअप मेल’. थकलेल्या बिलासाठी लावलेला तगादा यात मोडत नाही. तिथे देणे कबूल झालेले असते, इथे समोरच्याने अजून होकारही दिलेला नसतो आणि नकारही. म्हणून तगाद्याची भाषा इथे चालत नाही, आणि बरेच मेल नेमके तिथेच फसतात.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा व्यवहार सगळीकडे सारखा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत तो सर्वांत दाट आहे. वाळूजला 1980 च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या आसपास प्रेस पार्ट, मशीनिंग, डाय, रबर, पॅकिंग अशी कामे करणारे छोटे पुरवठादार वाढले. त्यांचे ग्राहक मोजके, पण प्रत्येक ग्राहकाकडे पर्चेस, क्वालिटी, प्रॉडक्शन अशी निरनिराळी दारे. जालन्यातल्या सळईच्या रोलिंग मिल, लातूरच्या डाळमिल, वसमतचा हळदीचा व्यापार इथे चित्र वेगळे. तिथे बहुधा मालक स्वतः फोन उचलतो आणि मेल त्याचा मुलगा नाहीतर मुनीम उघडतो.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे: ज्याला मेल पाठवला, तो बहुतेक वेळा निर्णय घेणारा नसतो. वाळूजचा पर्चेस अधिकारी तो मेल प्लँटहेडला किंवा पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयात फॉरवर्ड करतो, वर ‘प्लीज चेक’ एवढेच लिहून. डाळमिलमधला मुलगा त्याचा स्क्रीनशॉट काढून वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. म्हणजे मेल अखेर अशा माणसापुढे जातो, ज्याने विक्रेत्याला पाहिलेले नाही आणि आधीचे बोलणे ऐकलेले नाही. ‘परवा बोलल्याप्रमाणे’ या शब्दांतून त्याला काहीच कळत नाही. पार्टचे नाव, ड्रॉइंग नंबर, नग, दर, दराची मुदत आणि डिलिव्हरीचे दिवस एवढे त्या मेलमध्येच असावे लागते, तेही स्क्रोल न करता दिसेल असे. जुने कोटेशन खाली ट्रेलिंग मेलमध्ये, म्हणजे तळाशी जोडून येणाऱ्या आधीच्या पत्रव्यवहारात, आहे म्हणून वर ते लिहायचे नाही, हा आळस महागात पडतो. स्क्रीनशॉटमध्ये ट्रेलिंग मेल येत नाही.

दुसरी अट नव्या माहितीची. ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर’ किंवा ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ एवढाच मजकूर असलेला मेल वाचणाऱ्याला काहीच देत नाही, उलट उत्तर न दिल्याचे ओझे मात्र टाकतो. त्याऐवजी सुधारित दर, पर्यायी मटेरियल, सॅम्पल तयार झाल्याची तारीख, ट्रायलचा फोटो, नाहीतर पहिल्या भेटीत अर्धवट राहिलेल्या शंकेचे उत्तर, यांपैकी एखादी गोष्ट हाती असेल तेव्हाच मेल टाकावा. शेवटी प्रश्न एकच ठेवावा, आणि तो एका ओळीत उत्तर देता येईल असा. ‘आपला अभिप्राय कळवावा’ हा प्रश्न नव्हे.

लातूरच्या एखाद्या डाळमिलला बकेट एलिव्हेटर (पट्ट्यावरच्या बादल्यांनी धान्य वर चढवणारे यंत्र) विकू पाहणाऱ्या चिकलठाण्याच्या कारखानदाराचा मेल नमुन्यादाखल असा असू शकतो. विषय: ‘तूर लाइनचा एलिव्हेटर, 36 फूट: सुधारित दर, 20 तारखेपर्यंत लागू’. मजकूर: ‘नमस्कार शेठ, मागच्या आठवड्यात आपल्या मिलवर माप घेतले तेव्हा उंची 32 फूट धरली होती. नंतर आपण फोनवर सांगितले की खालचा खड्डा आणखी 4 फूट जाणार आहे. त्याप्रमाणे 36 फुटांचा दर … रुपये. मोटर तीच राहील, वाढ फक्त बॉडी, बेल्ट आणि बकेटची आहे. ऑर्डरपासून 18 दिवसांत माल मिलवर पोचेल, फिटिंगला आमची माणसे 2 दिवस येतील. बेल्ट रबरी ठेवायचा की नायलॉन, एवढे कळवावे.’

यात ऑर्डर मागितलेलीच नाही. मागितला आहे तो बेल्टचा प्रकार, आणि त्याचे उत्तर देणारा माणूस मनातल्या मनात खरेदीच्या बाजूला एक पाऊल सरकलेला असतो. दर का वाढला हे ग्राहकाच्याच वाक्याला धरून सांगितले आहे, त्यामुळे घासाघीस झाली तरी ती बॉडी आणि बकेटपुरती राहते. ‘शेठ’ हे संबोधन बाजारपेठेतल्या मालकाला शोभते. वाळूजच्या पर्चेस विभागात ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘साहेब’ चालते. ‘प्रिय’ने केलेली सुरुवात इथल्या व्यापारी पत्रात परकी वाटते.

किती दिवसांनी पाठवावा? रूढ पद्धत अशी, की कोटेशननंतर दोन-तीन कामाच्या दिवसांनी पहिला, त्यानंतर आठवड्याने दुसरा आणि मग अंतर वाढवत जायचे. मात्र मराठवाड्यात हंगाम या हिशेबापेक्षा मोठा. कृषी सेवा केंद्राला मृगाच्या तोंडावर काहीही विकायला जाऊ नये. काउंटरवर बियाण्यांसाठी रांग असते आणि मेलकडे कोणी बघत नाही. तुरीची आवक साधारण जानेवारीपासून वाढते, तेव्हा डाळमिलवाल्याला नवे यंत्र बसवण्यासाठी लाइन थांबवायला सांगणे म्हणजे नकार ओढवून घेणे. कारखान्यांत मार्च एंडला खर्च आवरता घेतात किंवा उरलेले बजेट घाईने संपवतात; दोन्हींपैकी काय चालले आहे ते फोनवर विचारून मगच लिहावे. सळईच्या धंद्यात दर रोज हलतो, तिथे आठवड्यापूर्वीच्या दराची आठवण करून देण्यात काहीच अर्थ नाही. नवा दरच पाठवावा लागतो.

एकटा मेल या भागात क्वचितच काम करतो. ‘मेल टाकलाय साहेब, एकदा बघून घ्या’ हा फोन त्याच्या जोडीला लागतोच. फोनवर बोलणे मराठीत नाहीतर दखनी वळणाच्या हिंदीत, मेल मात्र इंग्रजीत, अशी वाळूजची सर्वसाधारण वहिवाट आहे. पण सगळे बोलणे मराठीत झालेल्या मालकाला अवघडलेल्या इंग्रजीत लिहिण्यापेक्षा साध्या मराठीत लिहिलेले केव्हाही सरस. तो मजकूर युनिकोडमध्ये असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवलेला मजकूर समोरच्याला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. फोनवर ठरलेले त्याच दिवशी मेलवर उतरवून ठेवणे हाही पाठपुराव्याचाच भाग. पर्चेसचा माणूस बदलला की नव्याला दाखवायला तेवढाच पुरावा उरतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी आहे, म्हणून मोठी ड्रॉइंग लिंकने पाठवतात. स्वतःच्या डोमेनवरून मेल जात असतील तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला, हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्यावे, नाहीतर मेल स्पॅममध्ये पडतो आणि विक्रेता ग्राहकाच्या नावाने बोटे मोडत बसतो. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने 2024 पासून डीमार्क (या तपासणीत न बसलेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोयही सक्तीची केली आहे. छोट्या कारखानदाराला या आकड्याची फिकीर नको. मेल उघडला की नाही हे सांगणाऱ्या ट्रॅकरवर मात्र विसंबू नये. अ‍ॅपलने 2021 मध्ये आणलेली गोपनीयतेची सोय सुरू असेल तर मेलमधली चित्रे, ज्यांवरून ट्रॅकर मेल उघडल्याचे ओळखतो, ती आधीच उतरवली जातात, म्हणजे न वाचलेला मेलही ‘वाचला’ असा दिसतो.

भारतात नकोशा व्यापारी ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. वैयक्तिक माहितीच्या वापराबाबत 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. निर्यातदारांना ग्राहकाच्या देशाचेही नियम पाहावे लागतात. युरोपात 2018 पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. अमेरिकेच्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्याने फसवा विषय लिहिण्यास मनाई केली आहे आणि व्यापारी मेलमध्ये खरा टपाली पत्ता देणे बंधनकारक केले आहे. आधी पत्रव्यवहारच झाला नसताना विषयात खोटे ‘रि:’ (आधीच्या मेलला उत्तर असल्याची खूण) लावण्याची युक्ती तिकडे अंगाशी येऊ शकते.

तीन-चार मेलनंतरही शांतताच असेल, तर शेवटचा मेल फाइल बंद करण्याचा: ‘हे काम सध्या पुढे जात नसावे असे समजून फाइल बंद करतो, ड्रॉइंग आणि दर आमच्याकडे जपून ठेवले आहेत.’ त्यात रुसवा नसावा. अनेकदा याच मेलला उत्तर येते, कारण तोवर दुसरा पुरवठादार अडकलेला असतो. आणि ‘नको’ असे स्पष्ट आले, तर नाव यादीतून काढायचे. अमेरिकी कायदा त्यासाठी कामकाजाचे 10 दिवस देतो. वाळूजमध्ये ते त्याच दिवशी झालेले बरे, कारण आज नाही म्हणणारा पर्चेसवाला उद्या शेंद्र्याच्या दुसऱ्या कंपनीत असतो आणि तिथल्या इन्क्वायऱ्या त्याच्याच हातून निघतात.