पाचशे मीटरच्या वर्तुळात देवमासा किती सुरक्षित?

समुद्रातल्या तेलशोधाची बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो: २५० डेसिबल. पाठोपाठ जेट विमानाशी तुलना येते, आणि मग देवमासे बहिरे होऊन किनाऱ्याला लागतात हे ठरलेलं वाक्य. दुसऱ्या बाजूची, म्हणजे तेल कंपन्यांची, पत्रकं सांगतात की पाचशे मीटरच्या आत प्राणी दिसला की काम थांबवतो, तेव्हा काळजी नको. दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. उरलेलं अर्धं कळायला शाळेतलं लॉगॅरिथम पुरतं.

आधी आवाजाचं मूळ पाहू. समुद्रतळाखालचे खडकांचे थर पाहण्यासाठी सर्वेक्षण जहाज आपल्यामागे एअरगन ओढत नेतं. ही बंदूक नव्हे. हा धातूचा एक कोठा असतो, त्यात सुमारे १४० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळपास १४० पट दाबाची हवा भरलेली असते. झडप काही मिलिसेकंदांत उघडते आणि पाण्यात बुडबुडा फुगतो. फुगण्याच्या वेगात तो प्रमाणाबाहेर मोठा होतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो, मग भोवतालचं पाणी त्याला दाबतं. तो आकसतो आणि पुन्हा फुगतो. त्यामुळे एका ठोक्याऐवजी ठोक्यांची माळच तयार होते. भूभौतिकतज्ज्ञांना ही माळ नको असते, कारण प्रत्येक ठोक्याचा वेगळा प्रतिध्वनी येतो आणि चित्र पुसट होतं. त्यावरची युक्ती फार सुंदर आहे. बुडबुड्याचा दोलनकाल कोठ्याच्या आकारमानाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. कोठा आठपट केला तर दोलनकाल दुप्पट होतो. म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या वीस-चाळीस एअरगन एकाच क्षणी सोडतात. पहिला ठोका सगळ्यांचा एकदम येतो आणि त्यांची बेरीज होते. नंतरचे ठोके मागेपुढे पडतात आणि एकमेकांना बऱ्यापैकी खोडून टाकतात. हा संच ५ ते १० मीटर खोलीवर असतो. दर १० सेकंदांनी एक ठोका धरला तर अखंड चाललेल्या दिवसात ८,६४० ठोके होतात.

आता ते २५० डेसिबल. हा आकडा दूरवर, संचाच्या बरोबर खाली मोजमाप करून मागे गणित करत आणलेला असतो: सगळा आवाज एकाच बिंदूतून आला असता, तर त्या बिंदूपासून एक मीटरवर किती भरला असता? पण संच काही मीटर ते काही दहा मीटर पसरलेला असतो, त्यामुळे पाण्यात इतका आवाज असणारी जागाच नसते. शिवाय संचाची रचना आवाज खाली फेकण्यासाठी केलेली असते. आडव्या दिशेला तो साधारण १५ ते २० डेसिबलने कमी भरतो. जेट विमानाची तुलना तर मुळातच फसते. हवेत डेसिबल २० मायक्रोपास्कलच्या तुलनेत मोजतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलच्या. तिथेच २६ डेसिबलचा फरक पडतो. पाण्याची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांमुळे आणखी सुमारे ३६. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा केल्याशिवाय हवेतल्या आकड्याशी तुलनाच होत नाही. वजा करूनही देवमाशाचा कान म्हणजे माणसाचा कान नव्हे, हे उरतंच.

मग नियम काय म्हणतो? अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आहे. त्यात ‘टेक’ हा शब्द मध्यवर्ती आहे. प्राणी मारणं, पकडणं तर त्यात येतंच, पण त्याला त्रास देणंही येतं. त्रासाच्या दोन पातळ्या आहेत. इजा होऊ शकेल ती लेव्हल ए. खाणं, पिल्लाला पाजणं, स्थलांतर अशा वागण्यात खंड पडू शकेल ती लेव्हल बी. एअरगनसारख्या तुटक आवाजासाठी लेव्हल बीची रेषा १६० डेसिबलवर आखली आहे. ही रेषा आली कुठून? १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळून स्थलांतर करणाऱ्या ग्रे व्हेलना एअरगनचे ठोके ऐकवले गेले. सुमारे १६४ डेसिबलला दहा टक्के प्राणी वाट बदलत होते, १७० ला निम्मे. पण अलास्काच्या ब्यूफर्ट समुद्रात स्थलांतर करणारे बोहेड देवमासे सर्वेक्षण जहाजापासून वीस किलोमीटर लांबूनच वळताना आढळले. तिथे आवाज १२० ते १३० डेसिबल इतकाच होता. एकच रेषा सगळ्या जातींना लावणं ही प्रशासनाची सोय आहे; निसर्गात अशी रेषा नाही.

आता खरं गणित, आणि इथे थोडा धीर धरा. आडव्या दिशेला स्रोत २३० डेसिबलचा धरू. १६० वर यायला ७० डेसिबल घटायला हवेत. खोल पाण्यात आवाज गोलाकार पसरतो, तेव्हा घट होते अंतराच्या लॉगच्या २० पट. ७० भागिले २० म्हणजे ३.५, आणि दहाचा ३.५ घात म्हणजे सुमारे ३,१६० मीटर. झाली तीन किलोमीटरहून थोडी जास्त त्रिज्या. उथळ पाण्यात आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये कोंडतो, म्हणून २० च्या जागी १५ घेतात. ७० भागिले १५ म्हणजे ४.६७, त्रिज्या निघते सुमारे ४६ किलोमीटर! स्रोत तोच, रेषा तीच, फक्त गुणक बदलला. पाण्याच्या तापमानाचे थर, तळ वाळूचा की खडकाचा, उतार कुठल्या बाजूला, यांवर खरा गुणक ठरतो. म्हणून चांगल्या परवान्यात केवळ संगणकावरचं प्रारूप पुरत नाही, पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून प्रत्यक्ष मोजायला लावतात.

आणि पाचशे मीटर? ५०० चा लॉग गुणिले २० म्हणजे ५४. २३० वजा ५४, म्हणजे वर्तुळाच्या कडेला १७६ डेसिबल. त्रासाच्या रेषेच्या सोळा डेसिबल वर! पाचशे मीटरचं वर्तुळ त्रासापासून वाचवण्यासाठी आखलेलंच नाही. कानाला कायमची इजा होऊ नये, एवढंच त्याचं काम. हे पत्रकात कुणी लिहीत नाही.

तेवढं काम तरी ते करतं का? ब्रिटनच्या नियमावलीत एअरगन सोडण्याआधी ३० मिनिटं निरीक्षकाने समुद्र न्याहाळायचा, पाणी २०० मीटरपेक्षा खोल असेल तर ६० मिनिटं. पाचशे मीटरच्या आत प्राणी दिसला, तर तो बाहेर गेल्यावर किमान वीस मिनिटं थांबायचं. खोल पाण्यासाठी वेळ दुप्पट, कारण स्पर्म व्हेल पाऊण-एक तास बुडी मारून राहतो. पण बीक्ड व्हेल, म्हणजे चोचीसारखं तोंड असलेले देवमासे, त्याहूनही वरताण. त्यांतल्या कुविएर जातीची ३ तास ४२ मिनिटांची बुडी नोंदली गेली आहे. निरीक्षकाची तासाभराची पाळी एकाच बुडीखाली निघून जाते.

दिसणाऱ्या प्राण्याचं अंतर ठरवणंही सोपं नाही. डोळा पाण्यापासून १५ मीटर उंचीवर असेल, तर पाचशे मीटरवरचा देवमासा आडव्या रेषेखाली १.७ अंशांवर दिसतो, सहाशे मीटरवरचा १.४ अंशांवर. दुर्बिणीतल्या खुणांनी क्षितिजापासून हा कोन मोजतात. धुक्यात क्षितिज हरवलं की मोजमापही गेलं. वर्तुळाचा मध्य निरीक्षकाच्या पायाखाली नसतो, मागे ओढल्या जाणाऱ्या संचापाशी असतो, हे घाईत विसरलं जातं. लाटांवर पांढरा फेस चढला की लहान प्राणी दिसतच नाहीत, आणि रात्री डोळे निरुपयोगी. तेव्हा ओढत नेलेल्या हायड्रोफोनवर कान ठेवतात. त्यात स्पर्म व्हेलची टकटक उत्तम ऐकू येते. पण पॉरपॉइजची, म्हणजे डॉल्फिनसारख्या लहान प्राण्याची, टकटक १३० किलोहर्ट्झच्या आसपास असते, पाणी ती काही शे मीटरांतच शोषून घेतं. मोठ्या बलीन, म्हणजे दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या, देवमाशांचे खर्जातले आवाज जहाजाच्या यंत्रांखाली दबतात. गप्प असलेला प्राणी तर कुठल्याच यंत्रात सापडत नाही.

उरला ‘सॉफ्ट स्टार्ट’: सर्वांत लहान एअरगनपासून सुरुवात करून किमान वीस मिनिटांत पूर्ण ताकदीला जायचं, म्हणजे प्राण्याला निघून जायला वेळ मिळेल. कल्पना समजूतदार आहे. मात्र भरपूर खाद्य असलेल्या जागेतून प्राणी उठेलच असं नाही. गेला नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असाही अर्थ होत नाही.

जहाजावरच्या या उपायांपेक्षा निर्णायक असतो तो आधीचा हिशेब: या सर्वेक्षणाने किती प्राण्यांना किती वेळा त्रास होईल? ध्वनीचं प्रारूप आणि प्राण्यांची घनता यांच्या गुणाकारातून हा आकडा निघतो आणि ‘नगण्य परिणाम’ ठरवूनच परवाना मिळतो. मेक्सिकोच्या आखातासाठीचा अमेरिकी नियम २०२१ मध्ये आला, आणि अंदाजित आकड्यांचा हिशेबच चुकल्याचं नंतर लक्षात आलं. दुरुस्त नियमाला २०२४ उजाडलं. याच आखातात राइस व्हेल राहतो, ज्याला स्वतंत्र जात म्हणून २०२१ मध्ये नाव मिळालं. त्यांची संख्या पन्नासच्या आसपास धरली जाते. २०१० च्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाच्या दुर्घटनेत तेल ८७ दिवस वाहत होतं आणि या देवमाशाच्या वस्तीचा मोठा भाग त्याखाली आला. पन्नास प्राण्यांत ‘नगण्य’ म्हणजे किती, याचं उत्तर डेसिबलमध्ये नाही.

किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक देवमाशाचं खापर सर्वेक्षणावर फोडणंही तितकंच पोकळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१६ पासून मेलेल्या हंपबॅक देवमाशांपैकी जितके तपासता आले, त्यांतल्या सुमारे चाळीस टक्क्यांमध्ये जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकणं यांच्या खुणा सापडल्या. समाजमाध्यमांवर दोष मात्र समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीच्या सर्वेक्षणाला गेला, ज्यात असे मोठे एअरगन संच वापरतच नाहीत.

सर्वांत परिणामकारक उपाय कॅलेंडर आणि नकाशा यांत सापडतो. रशियाच्या सखालिन बेटाजवळ पश्चिमी ग्रे व्हेल उन्हाळ्यात चरायला येतात. तिथे २००५ मध्ये समुद्राखालच्या पाइपलाइनचा मार्ग सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला हलवला गेला. २०१० चं सर्वेक्षण बर्फ हटल्यावर लगेच, जूनमध्ये सुरू केलं, बहुतेक देवमासे पोचण्याआधी. चरण्याच्या जागेच्या कडेला हायड्रोफोन टाकून आवाज रेडिओने त्याच क्षणी मोजला जात होता, आणि वर्तुळाची कड जहाजाभोवती आखण्याऐवजी देवमाशांच्या कुरणाभोवती आखली होती.