इंजिन बसलं खरं, पण कशानं?

दिवाळी आटोपली की विदर्भात जुन्या पिकअप गाड्यांचा खरा हंगाम सुरू होतो. यवतमाळ-अकोल्याकडे कापूस जिनिंगला निघतो, वरूड-मोर्शीची संत्री बाजाराला लागते, सोयाबीन आणि नंतर तूर बाजार समितीकडे जाते. हे सगळं वाहणाऱ्या गाड्यांत दहा-पंधरा वर्षं चाललेल्या भरपूर असतात: बोलेरो पिकअप, टाटा 207, शिवाय 2005 साली बाजारात आलेल्या टाटा एसच्या पहिल्या पिढीतल्या. ऐन हंगामात त्यातली एखादी चढावर दम सोडते, काळा-निळा धूर ओकते आणि मिस्त्री बॉनेट उघडून सांगतो, “इंजिन बसलं भाऊ, आता बदलाच लागन.”

कापसाच्या फेऱ्यांतून मिळालेला पैसा मग त्या इंजिनात जातो. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. बसलं म्हणून सांगितलेलं इंजिन पुष्कळदा बसलेलं नसतं. आणि खरोखर बसलं असेल, तर त्याला बसवणारं कारण इंजिनाबरोबर बाहेर निघत नाही. ते रेडिएटरमध्ये, हवेच्या पाइपात, डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये दबा धरून राहतं आणि नव्या इंजिनाचीही तीच गत करतं.

आधी हे इंजिन पेटतं कसं ते पाहू. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथं आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याचं तत्त्व आजही तेच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सुमारे अठराव्या ते बाविसाव्या हिश्श्यात कोंबतो. एवढी दाबली गेलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. डिझेल साधारण 210 ते 250 अंशांना आपोआप पेट घेतं, त्यामुळे त्या हवेत फवारा पडताच भडका उडतो. म्हणजे पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि बरोबर वेळी पडलेला बारीक फवारा जमून आला की इंजिन चालतं. यातलं एक बिघडलं तरी गाडी कुरकुरते, आणि वरून लक्षणं सारखीच दिसतात. खरी फसगत इथंच होते.

पौषातल्या थंडीत पहाटे सुरू न होणारी गाडी दुपारी पहिल्याच सेल्फला का उठते, याचं उत्तरही यातच आहे. हवा दाबली की तिचं निरपेक्ष (म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेलं) तापमान जवळजवळ तिप्पट होतं. पहाटेची 10 अंशांची हवा आणि दुपारची 32 अंशांची हवा यांत फरक 22 अंशांचा, पण दाबल्यावर तोच फरक साठ अंशांपुढे जातो. त्यात पहाटे ऑइल घट्ट असतं, बॅटरी मरगळलेली असते, क्रँक (पिस्टनांना जोडलेला फिरता दांडा) हळू फिरतो आणि दाबल्या जाणाऱ्या हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो. धडधाकट इंजिन हे सगळं पचवतं. झिजलेल्याला ते जमत नाही. मात्र थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणारा हीटर प्लग जळलेला असेल किंवा बॅटरीच्या तारा गंजल्या असतील, तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. म्हणून आधी बॅटरी, तारा आणि हीटर प्लग तपासायचे, दोष इंजिनाला नंतर द्यायचा.

तपासणीचा माझा आग्रहाचा क्रम एवढाच: स्वस्त गोष्टी आधी, महाग गोष्टी शेवटी. चालता चालता गाडी बंद पडत असेल तर डिझेल लाइनमध्ये एअर शिरतेय का, फिल्टरमध्ये पाणी साचलंय का, टाकीतली जाळी चोंदलीय का, ते पाहावं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) फाटलेला पाइप, थेंब गाळणारं नोझल यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते रिंगांतून वर येतंय, व्हॉल्व्हच्या सीलमधून गळतंय की टर्बोच्या बेअरिंगमधून, हे धूर सांगत नाही. टर्बोचा पाइप काढून आत किती ऑइल आहे ते पाहिलं तर निम्मा उलगडा होतो. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार आहेत. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर न पेटलेल्या इंधनाचा. हवेत चटकन विरणारा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर पाण्याच्या वाफेचा, आणि तो येत असेल तर रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असतं. दुसऱ्या प्रकारात हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर) संशय घ्यावा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय असं समजावं.

आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय परीक्षा म्हणजे चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून आतून वाफ येते का ते बघणं. भकाभका वाफ आली की “बॅक मारतंय” म्हणून निकाल लागतो. परीक्षा खोटी नाही. रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले की जळता वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तोच इथून बाहेर पडतो. पण क्रँककेसचा श्वास सोडणारा ब्रीदर पाइप चोंदला असेल, तर बऱ्या इंजिनालाही असाच दम लागतो. पाच मिनिटांत साफ होणाऱ्या त्या पाइपाकडे आधी बघायलाच हवं.

यानंतर कॉम्प्रेशन गेज. ठणठणीत डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब साधारण 25 ते 30 बार भरतो; नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरकही बोलका असतो. चारही सिलिंडर सारखेच उतरलेले असतील तर ती सर्वसाधारण झीज. तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर दोष त्या एकाच जागी आहे: जळालेला व्हॉल्व्ह, तुटलेली रिंग किंवा फुटलेलं गॅस्केट. अशा वेळी अख्खं इंजिन बदलणं म्हणजे पैशाची नासाडी. गेज नसेल तर जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर मिस्त्री एकेका नोझलचा पाइप ढिला करून आवाज ऐकतात. ज्याचा पाइप सोडल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करत नव्हता. हीच युक्ती कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून जबर दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीवर मात्र कधीही करू नये. तिथल्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते.

समजा, एवढं सगळं करून निदान ठरलं की इंजिन खरंच संपलं. आता ते कशानं संपलं, हा प्रश्न. विदर्भात मला पहिला संशय पाण्यावर येतो.

डिझेलमधल्या ऊर्जेपैकी फार तर तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा बहुतेक भार रेडिएटरवर पडतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल तर फरक 65 अंशांचा. नवतप्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा 46 अंशांवर गेला की तोच फरक 44 अंशांवर येतो. गाडीत काहीही बिघाड नसताना रेडिएटरची ताकद एक तृतीयांशानं घटलेली असते. मे महिन्यात ओझं लादून निघालेली पिकअप अगदी काठावर चालत असते.

त्यात आपण विहिरीचं पाणी ओततो. विदर्भातल्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड आहे. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतं आणि जिथं पृष्ठभाग सर्वांत गरम असेल तिथं चिकटतं. अंघोळीच्या बंबात बसणारा पांढरा थर तो हाच. इंजिनात सर्वांत गरम जागा म्हणजे लायनरचा (सिलिंडरच्या नळीचा) वरचा भाग आणि हेड, म्हणजे थंडाव्याची गरज जिथं जास्त, नेमका तिथंच हा थर बसतो. उष्णता वाहून न्यायला तो किती नालायक असतो, पाहा: ओतीव लोखंडाच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता पंचविसाव्या हिश्श्याच्याही आसपास जेमतेम पोचते. एक मिलिमीटर क्षार म्हणजे अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडाची भिंत मध्ये उभी केल्यासारखं. काट्यावर तापमान बरोबर दिसतं, कारण काटा पाण्याचं तापमान दाखवतो. थराच्या पलीकडचं लोखंड केव्हाच भाजून निघालेलं असतं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत, याहून वाईट परिस्थिती आहे. तिथल्या भूजलात मीठच जास्त. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला बारीक छिद्रं पाडतात, वॉटर पंपाची पाती खातात, हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडतात. पाणी उकळून घेतल्यानं मीठ जात नाही. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, हाच खरा उपाय. कूलंटनं गंज थांबतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, साधारण 0.9 बार दाबाला साधं पाणीदेखील 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ढिलं झालेलं झाकण बदलायला किरकोळ पैसे लागतात, ते न बदलल्यामुळे हेड वाकल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

कापूस वाहणाऱ्या गाड्यांना आणखी एक त्रास असतो. सरकीवरचे तंतू आणि रस्त्यावर उडणारी रुई रेडिएटरच्या जाळीत अडकते, त्यावर धूळ बसते आणि नमदा तयार होतो. समोरून बघितलं तर कळत नाही, कारण बहुतेक वेळा तो इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. जिनिंगच्या हंगामात ती फट उघडून आतून बाहेर हवा मारून साफ करायलाच हवी.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून फेकण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट खुली करतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापते. हिवाळ्यात तेच इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरतं.

दुसरा संशय धुळीवर. अडीच लिटरचं इंजिन 2000 आरपीएमला, टर्बो धरलाच नाही तरी, मिनिटाला सुमारे 2500 लिटर हवा ओढतं. मुरुमाच्या रस्त्यावर, पुढच्या ट्रॅक्टरनं उडवलेल्या धुळीत, ही हवा कशी असते ते सांगायला नको. धुळीतले क्वार्ट्झचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात आणि त्यातले काही मायक्रॉन ते वीसेक मायक्रॉनचे कण ऑइलच्या थराच्या जाडीत नेमके मावतात, त्यामुळे रिंग आणि बोअर दोघांनाही घासत राहतात. फिल्टर जमिनीवर आपटून किंवा कॉम्प्रेसरची जोराची हवा मारून साफ केला की कागदाला सूक्ष्म चिरा पडतात आणि त्यातून हीच धूळ आत जाते. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवून पाहा. बोटाला खरखर लागली तर इंजिन कशानं गेलं ते कळलं.

आता बांधायचं की बदलायचं? ब्लॉक शाबूत असेल, क्रँक ग्राइंड होण्याजोगा असेल आणि बोअरिंगवाला भरवशाचा असेल, तर मी बांधण्याच्या बाजूनं आहे. आत काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. क्रँक तुटला, कनेक्टिंग रॉडनं ब्लॉक फोडला किंवा ब्लॉकला तडा गेला, तर बदलणं भाग आहे. भंगार बाजारातलं इंजिन घेताना चालू करून दाखवा म्हणावं, आणि तेही रात्रभर थंड राहिलेलं. गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. शिवाय यांत्रिक पंपाच्या गाडीत कॉमन रेलचं इंजिन बसवायचं तर वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, पेडल सगळंच बदलावं लागतं. तो नाद शक्यतो करू नये.

जुनं इंजिन फुटून गेलं असेल तर त्याचा लोखंडी चुरा ऑइल कूलरमध्ये आणि फुटलेल्या टर्बोचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहतात. ऑइल कूलर धुऊन पूर्ण साफ होईल याची खात्री नसते, तो नवा घालणं शहाणपणाचं. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल नव्या इंजिनानं ओढलं तर ते डिझेलऐवजी त्या ऑइलवरच धावत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. जुनी नोझल तशीच लावू नयेत. ज्या नोझलनं आधीच्या पिस्टनला भोक पाडलं, ते नव्यालाही पाडेल. पंप आणि नोझल बेंचवर तपासून घ्यावीत. इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेट, क्रँकचं मागचं सील आणि पाण्याचे पाइपही बदलावेत, त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाचते.

इंजिन बदलल्यावर इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकावर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये अशा बदलांची तरतूद आहे, म्हणून आधी आरटीओत विचारून मंजुरी आणि नोंद करून घ्यावी. खरेदीची पावती आणि इंजिनाच्या आधीच्या गाडीची कागदपत्रं जपावीत, विमा कंपनीलाही कळवावं. नाहीतर अपघाताच्या दाव्यात हाच नंबर आडवा येतो.

शेवटचं काम नव्या रिंगा बोअरशी घासून नीट जुळवून घेण्याचं. नवं इंजिन दिवसभर आयडलवर घुरघुरत ठेवायचं, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. परिणाम उलटा होतो. रिंग बोअरला घट्ट टेकते ती तिच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबामुळे, आणि आयडलवर तो दाब कमी असतो. मग बोअरवरच्या बारीक रेषांवर ऑइलचा गुळगुळीत काचेसारखा लेप चढतो आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. सुरुवातीला काही मिनिटं गळती आणि ऑइलचा दाब बघावा, मग गाडी रस्त्यावर काढावी, मध्यम ओझ्यावर वेग कमी-जास्त करत चालवावी. पूर्ण लोड आणि टॉप गिअरमध्ये चढ ओढणं पहिले काही दिवस टाळावं. पहिलं ऑइल लवकर बदलावं आणि काढलेला ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांवर चुंबक फिरवावं. चुंबकाला थोडी बारीक पूड चिकटली तर ती रिंगांची साहजिक घासण. चुंबकाला न चिकटणारे तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतलं तांबं उघडं पडलंय, तेव्हा गाडी तिथंच थांबवून ऑइल पॅन खोलावा.